आणखी एक घर उजेड

३ जानेवारी
आज दुपारी पोचलो. जागा छान आहे. एक खोली, एक शेगडी, मोठी खिडकी आणि समोर सबंध पांढरा उतार. काम सोपं. रोज बारा वाजता अंगणातल्या स्टँडवरून उताराचा फोटो काढायचा आणि कचेरीत पाठवायचा. बर्फ किती साचला ते त्यांना त्यावरून कळतं. सोडायला आलेला ड्रायव्हर म्हणाला, इथे बोलायला कोणी नाही, म्हणजे भांडायलाही नाही, मजा आहे तुमची! मीही हसलो. हिला जाऊन आठ महिने झाले. घरी मन लागेना, म्हणून हे काम धरलं.

४ जानेवारी
साहेबांचा फोन. फोटो करडा आलाय. बर्फ मागितला होता, सिमेंट कशाला पाठवता, म्हणाले. मग शांतपणे समजावलं. एवढं पांढरं बघून कॅमेरा बिचकतो आणि सगळं काळवंडून टाकतो. त्याचं ऐकायचं नाही. उजेड वाढवायला एक्स्पोजरचं चाक दोन घरं पुढे सरकवायचं.

५ जानेवारी
भीतभीत एकच घर सरकवलं. बर्फ बराच उजळला. फोटोत कुंपणापाशी एक काळा दगड दिसतो. बाहेर जाऊन पाहिलं. तिथे दगड नाही. लेन्स पुसली.

६ जानेवारी
दोन घरं. बर्फ डोळ्यांना दिसतो तसाच आला. साहेब खूश. पण तो दगड नव्हे. उजेड वाढला तसा त्याला रंग आला. मरून स्वेटर. डाव्या कोपरावर काळ्या लोकरीचा रफू. तो मीच करून दिला होता. हा रफू आहे की दोरखंड, म्हणून ही किती हसली होती. चेहरा मात्र काळोखात.

८ जानेवारी
आता एक फोटो साहेबांसाठी, एक माझ्यासाठी. तीन घरं. हनुवटी दिसली.
ती गेली तेव्हा मी परगावी होतो. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचं तोंड बघायचं राहिलं. आणि हल्ली तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. हे कोणाला सांगितलेलं नाही.

९ जानेवारी
चार. ओठ, नाक. कुंपण, उतार, आकाश, सगळं पांढऱ्यात बुडालं. खोलीत आलो तर शेगडी दिसेना. थोड्या वेळाने दिसली.
धाकट्या बहिणीचा फोन. दादा, आवाज असा काय येतोय तुझा, निघून ये बघू. म्हटलं, आणखी एकच दिवस.

१० जानेवारी
पाच घरं. डोळे दिसले. तीच आहे. रडतेय.
लागोपाठ तीन फोटो काढले. तिन्हींत मान वेगळ्या बाजूला. नाही म्हणतेय. मला नाही म्हणतेय —
खिडकी दिसत नाही. भिंतही —

११, की १२
बहिणीला फोन लावायचा तर फोन सापडत नाही. सगळं पांढरं. माझा हातही.
ती दिसते. कुंपणापाशी नाही, खोलीत. डोळे मिटले तरी —
अक्षरं उमटतात की नाही कळत नाही. ती अजून मान हलवतेय. तिने माझ्या डोळ्यांवर हात — गार —
म्हटलं, अगं, हात काढ. नीट बघू दे. आणखी एक घर —