शांत माणसाची सेकंडहँड गाडी

४ मार्च, सोमवार
आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही. मी मुळात शांतच. लोक उचलायला लावतात. तरी ठराव लेखी असलेला बरा.

हॉटेलची ऑर्डर पक्की. जेवणाच्या हॉलला भिंतभर आरसे. सोळा तारखेला भिंतीवर दिसले नाहीत तर काम समोरच्या काचवाल्याला, असं मॅनेजर हसत हसत म्हणाला. पूर्वी असं हसला असता तर दात मोजत घरी गेला असता. आज सोडला. ठराव चालतो आहे.

हॉटेल टेकडीवर. हातगाडी चढणार नाही. जुनी व्हॅन घ्यायची. पेट्रोलच. डिझेल हादरतं, आरसा तडकतो. शिवाय इंजिन मी कानाने ओळखतो. काचेला टिचकी मारून आतली चीर सांगणारा माणूस मी, मला इंजिनाचं काय कौतुक!

५ मार्च
मेहुणा म्हणतो डिझेल. त्याला भागीदार केला ती हिची हौस. काच लोण्यासारखी कापतो, ते मान्य. पण बाकी आनंद. म्हणे, दाजी, त्या चढावर तुमचं पेट्रोल रडेल आणि मागून आपण दोघं ढकलू. वर म्हणे, आरशांना फोम लावला की हादरे बसत नाहीत. आणि म्हणे, डोक्यालाही लावून बघा.

हात उचलला नाही. पाय उचलला. स्टूल उडालं ते थेट त्याच्या नडगीवर. त्यात माझा दोष किती आणि सुताराचा किती, हे बघावं लागेल. त्याने पुट्टीचा डबा फेकला. माझ्या कपाळाला टेंगूळ.

ही म्हणाली, गाडी घ्या नाहीतर एकमेकांचा जीव घ्या, पण काय ते दुकानाबाहेर.

७ मार्च
दोघं मिळून गाड्या बघायला गेलो. एजंटने आधी डिझेलच दाखवली. म्हणे, मालक, पेट्रोल म्हणजे जावई, डिझेल म्हणजे बैल. दारात कोण हवा ते तुम्ही ठरवा. मेहुणा खो खो हसला. मी स्वतः जावई आहे.

एजंटची बोटं इंजिनात होती. मी फक्त बॉनेटचा दांडा काढून घेतला.

त्याने मोकळ्या हाताने माझ्या नाकावर ठोसा दिला. शर्ट लाल. मेहुण्याने सोडवलं, पण सोडवता सोडवता दोन मलाच दिल्या. म्हणाला, चुकून. पहिली चुकून असेल.

उद्यापासून रोज सकाळी दीर्घ श्वास घ्यायचे. (नाक उघडल्यावर.)

९ मार्च
आज मायलेजवरून मेहुण्याशी झालं. मी काच मापायची लाकडी पट्टी घेतली. ठरावात हात आहे, पट्टी नाही. त्याच्या पाठीवर वळ उठले, आणि पट्टीचे दोन तुकडे. मग त्याने दोन्ही तळव्यांनी टाळी वाजवली. मध्ये माझं डोकं होतं.

त्यानंतर दुकानात जी शांतता पसरली, ती आजवर अनुभवली नव्हती. दरारा म्हणतात तो हाच. मेहुण्याचे नुसते ओठ हलत होते, शब्द फुटेना. समोरून ट्रक गेला तोही चोरपावलांनी.

घरी हीसुद्धा फार हळू बोलत होती. इतक्या वर्षांनी आदर.

१० मार्च
नवा माल आला. प्रत्येक काचेला टिचकी मारली. एकीतही चीर ऐकू आली नाही. इतका निर्मळ माल प्रथमच.

त्यातलीच एक उचलताना हातात उभी फुटली. तळवा फाटला, टाके पडले. डॉक्टर काहीतरी विचारत होते. मी हो म्हणालो.

११ मार्च
एकटाच गेलो, दुसऱ्या एजंटकडे. पांढरी व्हॅन. त्याने चावी फिरवली. काय आवाज! म्हणजे आवाजच नाही. रेशीम! याहून पेट्रोल ते काय असणार? कागद पुढे केले, मी न वाचता सही ठोकली. कान असताना कागद कशाला?

स्टीअरिंगला हात लावला तर थरथर होती. दातही वाजत होते. परवाच्या टाळीचं असावं.

मेहुण्याने गाडी बघितली, बॉनेट उघडलं आणि मला मिठी मारली. पाया पडला. डोळ्यात पाणी. त्या क्षणी मीही विरघळलो. हरलेल्या माणसाला जास्त हरवू नये. रात्री जेवायला बोलावला. आठवड्यात प्रथमच काही फुटलं नाही.

१४ मार्च
टाकी तळाला आली होती. पंपावर पेट्रोल सांगितलं. पंपवाला नडला. ओठ फडफडवतो, टाकीच्या झाकणाकडे बोट दाखवतो. मी डोळ्यांनीच दटावला. त्याने नळी ओढली, मीही ओढली. या ओढाताणीत त्याच्या पोटात कोपर गेलं. कोपर म्हणजे हात का, याचा निकाल नंतर. तो खाली बसला. टाकी मी स्वतः भरली. काठोकाठ.

१५ मार्च, संध्याकाळ
सगळे आरसे फोम लावून चढवले. (मेहुण्याचा हट्ट. द्यावं मोठ्या मनाने.) चढाच्या निम्म्यात गाडीला आचके. धूर. मग ठप्प.

मेहुण्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. रस्त्यावर फतकल मारून बसला. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते. शेवटी उठला आणि गाडीच्या धुळीवर बोटाने लिहिलं: गाडी डिझेलची आहे, दाजी.

आमच्या धंद्याचा नियम आहे. मोठी काच दोघांनी उचलली की बोलायचं नाही, हसायचं नाही, भांडण असेल तर आधी मिटवायचं. निदान सर्वांत मोठा आरसा तरी आज पोचवू म्हणून दोघांनी उचलला आणि चालू लागलो. भांडण मिटवायचं राहिलं.

त्याचे खांदे हलताना दिसले. हसत होता. आता वाटतं, दमला असेल.

एवढ्यात आरशात एक माणूस दिसला. नाक सुजलेलं, कपाळाला टेंगूळ, डोळे लाल, दात विचकलेले, आणि हात मारायला वर उचललेला. मनात आलं, कोण हा गुंड? याला कोणीतरी आवरा.

मग कळलं, तो हात आरसा धरायचा होता.

फुटल्याचा आवाज आला नाही. मेहुण्याचं तोंड मात्र उघडं दिसलं. त्याचा उजवा हात, कापायचा हात, मनगटापासून कोपरापर्यंत उघडला. माझ्या शर्टने बांधला. रक्त थांबेना. त्याला खांद्यावर घेऊन तो चढ मी उतरलो. तो माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होता. मारू दिलं.

१८ मार्च
मेहुण्याची बोटं हलतात. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, काच कापू शकेल. माझ्याबद्दल त्याखाली लिहिलं: दोन्ही कानांचे पडदे फाटलेत. भरून येतील, पण मारामारी बंद. मी लिहिलं, मी मुळात शांतच. त्यांनी कागद परत घेतला.

ऑर्डर समोरच्याकडे गेली. गाडी हिने त्यालाच विकली. त्याने टाकी धुऊन घेतली. हात बरा होईपर्यंत मेहुणा त्याच्याकडे देखरेखीला, आणि बरा झाल्यावरही तिथेच.

आज दुपारी व्हॅन दुकानासमोरून गेली. मागे आरसे, पुढे मेहुणा, हात गळ्यात बांधलेला. हिने दारातून त्याला हात केला. त्याने हिला केला. मीही केला, हळूच. त्याने मान वळवली.

गाडी चढाला लागली. मी कान देऊन ऐकलं.

कोणी काही म्हणो. आवाज पेट्रोलचाच.