पॉपीचं काम

प्रिय कॉलीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडलं नसशील, तर पुढे वाच. सहा वर्षांत या सासूने तुला साधं नाताळचं कार्डही पाठवलं नाही, तेव्हा फाडलंस तरी मला राग नाही. हल्ली राग येतच नाही. इथे केप ब्रेटनला थंडी सुरू झाली, होड्या वर ओढल्या, आणि मी दरवर्षीसारखी किराणा दुकानाच्या दारात गळ्यात पॉपींचा ट्रे अडकवून उभी असते. लोक माजी सैनिकांच्या पेटीत नाणी टाकतात, मी त्यांच्या कोटाला डावीकडे, काळजावर, ते पॉपीचं लाल कापडी फूल टोचते. हात आपोआप चालतात. एक पोरगी म्हणाली, "आजी, हे दरवर्षी पडतं हो कुठेतरी, पिन जरा वाकवून द्या ना." दिली वाकवून. गेलेल्यांना विसरू नये म्हणून लावायचं, आणि कोपऱ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही.

गेल्या आठवड्यात माजी सैनिक मंडळाचा हेक्टर आला होता. म्हणाला, "व्हर्ना, यंदा अकरा नोव्हेंबरला, स्मृतिदिनी, युद्धात मुलं गमावलेल्या सगळ्या आयांच्या वतीने स्मारकावर पुष्पचक्र तू वाहायचंस. तुझ्या लॉक्लनचं नाव आता स्मारकावर घेतलंय आपण. लढाईवरून घरी येऊन चार वर्षांनी जीव दिला म्हणून काय झालं? मारलं त्याला कंदाहारनेच." मी हो म्हटलं. ना आनंद, ना रडू. येताना दूध आण म्हटल्यावर हो म्हणावं, तसं.

त्याच्या दफनाचा दिवस मला रोज दिसतो. हेक्टर आणि ते सगळे म्हातारे रांगेने आले, आपापल्या कोटावरचं फूल काढून शवपेटीवर ठेवत गेले. आणि तू ती सगळी फुलं हाताने खाली लोटलीस. "जिवंत होता तेव्हा कुठे होतात सगळे?" एवढंच बोललीस. तो जाण्याच्या पंधरा दिवस आधी तू लेकीला घेऊन बहिणीकडे गेली होतीस, तेवढं गावाला पुरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बायकोनेच खाल्लं गं त्याला," असं माझ्याच स्वयंपाकघरात बसून म्हणत होत्या सगळ्या, आणि मी त्यांना चहा ओतत होते.

आता ज्यासाठी लिहायला बसले, ते. जीव दिला त्या दिवशी दुपारी लॉक्लनने मला तीनदा फोन केला. मी दुकानाच्या दारात होते, समोर माणसं उभी होती. तिसऱ्यांदा उचलला. "आई, जरा येतेस का?" म्हणाला. मी म्हटलं, "राजा, पॉपीचं काम चाललंय, पाचनंतर येते." "बरं," म्हणाला. पाचनंतर मी गेले. हे मी कुणालाच सांगितलं नाही. दोष तुझ्यावर जात होता, तो जाऊ दिला. काल हेक्टरला सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "तरी चक्र तूच वाहा." मी नाही म्हटलं. त्या जागी तू उभी राहावीस असं मंडळाला कळवलं आहे. क्षमा मागायला मला तोंड नाही. आलीस तर तुझ्यासमोर, सगळ्या गावाला हे मी सांगेन. नाही आलीस तरी सांगणार आहे.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
व्हर्ना