डाव्या दाराचा पांढरा

१० नोव्हेंबर, शनिवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गाडीविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. तिच्यासोबत तू बावीस सूचनांचा जो कागद दिलास, त्यातली नववी : दार हळू लावणे. मी इतक्या हळू लावतो की ते लागतच नाही. मग उघडून पुन्हा हळू लावतो. असा रोज हॉस्पिटलसमोर मी दाराची मनधरणी करत उभा, आणि मागे हॉर्नचा गजर. या छळाची दाद कुणाकडे मागायची?

दाराचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. गुरुवारी आमच्याच फाटकातून आत येताना डावं मागचं दार खांबाला घासलं. वीतभर ओरखडा आणि ताटलीएवढा पोचा. चूक माझी, लक्ष नव्हतं. गॅरेजवाला म्हणतो, चार दिवस गाडी ठेवा. पण हिच्या रेडिएशनच्या तेरा फेऱ्या बाकी आहेत आणि बसचे धक्के तिला सोसत नाहीत. सुट्टी फक्त शनिवार-रविवार. म्हणून मीच घरी दुरुस्तीला बसलोय.

ही गाडी तू आजवर कुणाला दिली नव्हतीस, हे विसरलो नाही. परत मागितलीस तर तुझा हक्कच आहे. फक्त तेवढ्या तेरा होऊ देशील?

रागाव, पण अबोला धरू नकोस.
तुझा धाकटा

१४ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. (त्याआधीचे ‘अनेक’ आणि ‘उत्तम’ दार पाहिल्यावर.)

पत्र वाचून संतापले. चहा घेतला, तरी संताप उतरेना. तुझे भाऊजी गेल्यापासून ती गाडी मी स्वतः जीव मुठीत धरून चालवते, आणि वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या तुला स्वतःच्या घरचा खांब दिसू नये?

पण गाडी परत मागेन असं तुला वाटलंच कसं? मी काय सावकार लागून गेले? तेरा काय, तीस फेऱ्या कर. धाकटीला जेवण जातं का, झोप लागते का, हे लिहायचं सोडून पोच्याची मापं कसली कळवतोस! आणि दुरुस्ती तू करणार हे वाचून तर धस्सच झालं. मागे तू नळ दुरुस्त केलास तेव्हा पाणी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात निघालं होतं.

तिला जप. खांबालाही.
ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईंना,
सा. नमस्कार.

हे पत्र यांच्या नकळत लिहितेय. गाडी यांनी नाही, मी घासली.

तीन महिने मला कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिलेला नाही. त्या दिवशी हॉस्पिटलमधून येताना कोपऱ्यावर मी किल्ली मागितली. यांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली हातात ठेवली. दोन गल्ल्या छान चालवली हो! मग तो खांब आला. शेजारी धावत आले, तर मी तोंड उघडायच्या आत यांनी सांगून टाकलं की माझंच लक्ष नव्हतं. तुम्हालाही तेच लिहिलं. मला ते खोटं पचेना.

दुरुस्ती बघायला तुम्ही हव्या होता. दारावर कढत पाणी ओतलं, तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा रबरी पंप चिकटवला आणि ओढला. पंपासकट हे अंगणात उताणे. तिसऱ्या खेपेला पोचा टप्पकन बाहेर आला! मग पुट्टी, पॉलिश पेपर, रंग. दुकानातला पांढरा रंग जुन्या दातांत एक कवळीचा दात बसवावा तसा दिसायला लागला. शेवटी शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्या काकांनी त्यात थेंबभर पिवळा आणि काडीच्या टोकावर काळा घातला. म्हणाले, आठ वर्षांचा पांढरा म्हणजे काही पांढरा नव्हे.

मी पायरीवर बसून हसत होते. किती दिवसांनी, ते मोजलं नाही. तुमची गाडी नसती तर यातलं काहीच नसतं.

माया आहे, ती राहू द्या.
तुमची धाकटी

२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल शेवटची फेरी झाली. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी या. हे वाक्य इतकं गोड असू शकतं, हे ठाऊक नव्हतं.

रविवारी गाडी आणून देतो. रंग उन्हात जुळतो, सावलीत नाही. तेव्हा कृपया उन्हात बघ. चालवत ही येणार आहे. मी शेजारी बसून दातओठ आवळणार.

तिने तुला खरं लिहिलं, हे तिनेच सांगितलं. तू त्यावर तिला काय उत्तर पाठवलंस ते ती दाखवत नाही, पण उशीखाली ठेवते. ताई, तुला आभार म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही, म्हणून लिहून टाकतो : आभार.

आणखी एक. आज आईकडे गेलो होतो. तिचं ठरलेलं सुरू झालं, की ताईच्या हातात वस्तू टिकत नाही, बाबांचा रेडिओ नाही का मोडला. मी तिला सांगितलं की तो मी उघडला होता, दहा वर्षांचा असताना. तू दोष स्वतःवर घेतलास आणि शिक्षा म्हणून तुझी शाळेची सहल रद्द झाली. चाळीस वर्षं मी गप्प बसून ते चालवून घेतलं.

आईने चष्मा काढला. मग पदराने तो पुसत म्हणाली, पोरीचं समुद्र बघायचं राहिलं.

लोभ उरला असेल तर असू दे.
तुझा ठोंब्या