तेविसाव्या घराची पुरवणी

बुधवार, ४ नोव्हेंबर १९९८
जळगाव

धुळ्याहून सव्वासातची एस.टी. वेळेवर सुटली आणि वेळेवर पोहोचली. असे क्वचित होते, म्हणून आधी नोंदवते. वच्छला स्टँडवर आली होती. येऊ नकोस असे कळवले होते, तरी आली, आणि माझ्या ट्रंकेवरून हमालाशी भांडलीसुद्धा.

चौतीस वर्षे मुलींना गणित शिकवून जूनमध्ये निवृत्त झाले. घरी बसणे मला जमत नाही. संगणकाचा तीन महिन्यांचा वर्ग केला. वर्गात सर्वांत वयस्क मी, आणि पहिली आले तीही मीच. मग इथल्या एका दैनिकाच्या संगणक-पानातल्या अकरा चुका काढून पत्र पाठवले. संपादक रुपचंदभाऊ यांनी उलट टपाली कळवले, प्रमिलाबाई, मग तुम्हीच लिहा. काम असे की संगणकावरचे खेळ खेळायचे आणि दर मंगळवारच्या अंकात त्यांचे परीक्षण लिहायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी खेळण्याची नोकरी मिळाली याचे हसू येते. बरेही वाटते.

वच्छला माझी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी. यजमान जाऊन चार वर्षे झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांचे घर, पुढची खोली माझी. दुपारी वांग्याचे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. वाढता वाढता तिने अटी घातल्या: मना घर मा ऱ्हावानं, मना हातनं खावानं, आन् माले शिकवानं नही. मी कबूल केले. पहिल्या दिवशी कबूल करायला हरकत नसते.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

कार्यालयातले संगणकाचे काम पाहणारा सुकदेव संगणक घेऊन आला आणि नीट जोडून गेला. सोबत पहिल्या परीक्षणाची सीडी. साध्या पाकिटातून आली आहे, कंपनीचे नाव नाही. पाकिटावर फक्त 'परीक्षक' असे लिहिले आहे.

खेळ हॅकर लोकांचा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणाऱ्यांचा. एक मोठे परदेशी शहर आहे. टप्पे नाहीत, घड्याळ नाही. कोणत्याही गल्लीत जावे, कितीही वेळ भटकावे. मी तासभर नुसती चालले. पाय न दुखता इतके चालणे तीस वर्षांत झाले नव्हते. चित्रे चांगली, आवाज बरा, माणसांच्या चालण्यात मात्र चूक आहे: गुडघे वाकत नाहीत.

गल्लीच्या कोपऱ्यावर टेलिफोनची राखाडी पेटी असते. तिला वायर लावली की त्या गल्लीतल्या घरांची यादी येते. नावे नाहीत, फक्त क्रमांक, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेसारखे. क्रमांक निवडला की त्या घरातल्या माणसाने लपवलेली गोष्ट वाचायला मिळते. खाली दोन बटणे: 'उघडे राहू द्या' आणि 'बंद करा'. बंद केले की गुण मिळतात आणि पुढचा रस्ता खुला होतो. काही फाइलींना पुरवणी असते. कडेला दोऱ्याच्या गाठीची बारीक खूण दिसते, तिथे दाबले की उघडते. खूण फार लहान आहे. परीक्षणात लिहायला हवे.

वच्छला दोनदा डोकावून गेली. अक्का, तू त्या डबाले बी छडी मारशी का व, असे विचारून हसत राहिली.

शनिवार, ७ नोव्हेंबर

आज अकरा क्रमांकाचे घर. एक मास्तर शिकवणीच्या मुलांना परीक्षेतले प्रश्न आधी सांगतो आणि वर्गातल्या बाकीच्यांना नापास करतो. पुरवणी उघडली. तीत त्याने एका मुलीला रडवल्याची हकिगत होती. बंद केले.

चौदा क्रमांक: एकजण अंथरुणावरच्या आईला दिवसभर पाणी देत नाही, अंथरूण ओले होऊ नये म्हणून. शेजाऱ्यांना सांगतो, तिला तहान लागत नाही. त्यालाही पुरवणी होती, तीही वाचली. बंद केले.

गुन्हा पूर्ण वाचून मग शिक्षा, ही रचना मला पटली. आजवर पाहिलेल्या खेळांत नुसता गोळीबार असतो.

मंगळवार, १० नोव्हेंबर

परीक्षण या आठवड्यात दिले नाही. सगळे रस्ते पाहिल्याशिवाय लिहिणार नाही, असे रुपचंदभाऊंना कळवले. ते म्हणाले, पुढच्या सोमवारी दुपारी बारा, त्यापुढे एक मिनिट नाही. मला असा माणूस आवडतो.

शेजारच्या लताबाई सकाळी वच्छलाकडे बातमी घेऊन आल्या. मागच्या गल्लीतले जीवराम मास्तर रविवारपासून दातखीळ बसून पडले आहेत. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. धनुर्वात म्हणतात, पण अंगावर साधे खरचटलेलेही नाही. पाणी पाजायला तोंडात चमचा घातला, तर चमचा वाकी गया, पन दात नही उघडनात, असे लताबाई हातवारे करून सांगत होत्या. वच्छला हळहळली. मग म्हणाली, तसा माणूस चांगला नव्हता; शिकवणीला न जाणाऱ्या पोरांना मुद्दाम नापास करायचा.

मी आत येऊन अकरा क्रमांकाची शनिवारची नोंद पुन्हा वाचली.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

जीवराम मास्तर काल गेले. गंधमुक्तीचा, म्हणजे उत्तरकार्याचा, मजकूर छापायला कार्यालयात आला तेव्हा मी तिथेच होते. त्याखाली दुसरा मजकूर होता: चुडामण, कापसाचे व्यापारी, तेच दुखणे, तोच दिवस. मजकूर आणणाऱ्याला मी विचारले, घरी आई आहे का. तो म्हणाला, आहे, अंथरुणावर असते. तो पडल्यापासून शेजारच्या बायका तिला पाणी पाजतात. पहिल्या दिवशी ती तांब्याभर पाणी एका दमात प्यायली.

शहरात लाखो माणसे. दोन मृत्यू, दोन फाइली. योगायोगाची शक्यता मी कागदावर मांडली. मग कागद फाडला. एक नमुना आणखी घेतला पाहिजे.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

सतरा क्रमांक. एका जीपवाल्याने नशिराबादजवळ महामार्गावर ताईबाई नावाच्या मजूर बाईला उडवले, थांबला नाही, आणि दुसऱ्याच ड्रायव्हरवर खटला चालू दिला. परदेशी शहराच्या फाइलीत नशिराबाद! पुरवणी उघडली. बाई तासभर जिवंत होती. तो पुढच्या ढाब्यावरून ते पाहत होता.

पूर्ण जाणून, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, बंद केले.

रविवार, १५ नोव्हेंबर

छगन, जीपवाला, नशिराबाद. काल सकाळी जीपमध्येच सापडला. मुठी स्टिअरिंगवर अशा आवळल्या होत्या की स्टिअरिंग करवतीने कापून त्याला बाहेर काढावे लागले. स्टिअरिंगचा तुकडा हातात धरूनच तो दवाखान्यात पडला आहे. मेलेला नाही. अजून दोन दिवस आहेत त्याला.

हे सुकदेव सांगत होता आणि मी भाकरी खात होते. पूर्ण खाल्ली, दुसरी मागितली. भीती वाटायला हवी होती. वाटले ते एवढेच, की चौतीस वर्षे मी लाल शाई फक्त कागदावर वापरली.

सोमवार, १६ नोव्हेंबर

सकाळी वीज गेली, अकरा वाजता आली. बारापर्यंत परीक्षण द्यायचे आणि शेवटचा रस्ता अजून बंद. सुकदेव दारात उभा, अंगठ्याने घड्याळ दाखवत. वीस ते पंचवीस ही सहा घरे मी वीस मिनिटांत उरकली. पहिले पान वाचायचे आणि बंद करायचे. त्यात एक निर्लज्ज बाई होती. दुसरीला आलेले पत्र जाळले, तिचा संसार होऊ दिला नाही, आणि आयुष्यभर तिच्यासमोर हसत राहिली. तेवीस क्रमांक. हिला तर फार आधी बंद करायला हवे होते.

बाराला पाच कमी असताना परीक्षण सुकदेवच्या हातात दिले. शंभरपैकी एक्याऐंशी.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

सकाळी वच्छलाने माझे परीक्षण ओसरीत बसून मोठ्याने वाचले. दोन शेजारणी गोळा केल्या होत्या. हाई वाचीसन लोके खेळ लेतीन का पळतीन, म्हणाली. सगळ्या हसल्या. मग तिने अंकाची घडी करून देवाजवळ ठेवली.

दहाच्या सुमारास ती तांदूळ निवडत होती. ताट पडल्याचा आवाज आला.

डोळे मिटलेले. दात एकमेकांवर. मुठीत तांदूळ. मी बोटे सोडवायला गेले, तिचे करंगळीचे हाड वाजले, पण मूठ सुटली नाही. डॉक्टर आले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. म्हणाले, आज गावात असे सहाजण आहेत. साथ दिसते.

सहा.

दुपारी

तेविसावी फाइल उघडली. गाठीची खूण होती. पुरवणी होती. मी ती उघडली नव्हती.

रतिलालबद्दल या वहीत कधी लिहिलेले नाही. १९६२ साली धुळ्याच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेत होता. बदली होऊन गेला, पत्र पाठवतो म्हणाला. पत्र आले नाही. मी दोन वर्षे पोस्टमनची वाट पाहिली आणि मग शिकवायला लागले.

पत्र आले होते. सतरा वर्षांच्या वच्छलाने ते घेतले. पुरवणीत पुढचे सगळे आहे. ती एकटी, घरी खोटे सांगून, चोपड्याला गेली, रतिलाल चोपड्याचा. तिथे त्याची बायको भेटली, कडेवर मूल. वच्छला परत आली आणि पत्र चुलीत घातले. मला सांगितले नाही, कारण मी त्याला पत्र लिहिले असते आणि उत्तरावर विश्वास ठेवला असता. ते खरे आहे. ठेवला असता.

छत्तीस वर्षे ती हसत राहिली ती यासाठी.

बुधवार, १८ नोव्हेंबर

उघडायचा मार्ग आहे. बंद घरावर दोनदा दाबले की चौकट येते. इंग्रजीत आहे, मराठी करून लिहिते: 'निर्णय बदलायचा असल्यास आपले काय चुकले ते लिहा. खरे लिहा.' बस्स. दुसरे काही मागत नाही.

मी लिहिले: परीक्षणाची मुदत बारा वाजताची होती.
अमान्य.
लिहिले: पुरवणीची खूण फार लहान आहे, हा खेळ करणाऱ्यांचा दोष आहे.
अमान्य.
लिहिले: तिने मला सांगायला हवे होते.
अमान्य.

हे तिन्ही खरे आहे. खोटे मी लिहीत नाही.

वच्छलाच्या पापण्यांतून पाणी येते. ऐकू येते तिला. लताबाई म्हणतात, अक्का, तिच्याशी बोला ना. काय बोलू. परत खोलीत आले—

गुरुवार, १९ नोव्हेंबर

वीज नाही. सकाळपासून नाही.

आज नाकपुड्या मिटत चालल्या आहेत. श्वासाला शिट्टीसारखा आवाज. लताबाई काडी घालून एक उघडी ठेवतात, काडी मोडते. ओठांवर ओला बोळा फिरवला तर घोट घ्यायला गळा हलतो, पाणी आत जात नाही.

चुडामणच्या आईची तहान मी वाचली होती. सगळी. पुरवणीसकट. तिथे वेळ होता—

बाकीच्या पाच घरांचे काय, हा विचार आता नको.

वीज आली की पहिले काम. वाक्य तयार आहे: घाईत माझ्याकडून अनवधान घडले. घाई होतीच. सोमवारी वीज गेली नसती तर—

शुक्रवार, २० नोव्हेंबर

आठ वाजता वीज आली. घाईत अनवधान घडले. अमान्य.
शिक्षा जास्त झाली. अमान्य.
पद्धत चुकली. अमान्य. कोणाची पद्धत, असे खाली आले. याआधी असे आले नव्हते—

चौतीस वर्षांत दिलेले गुण मी एकदाही बदलले नाहीत. पालक पाया पडत. बदलले नाहीत. बोटे त्या अक्षरांवर जात नाहीत. आवळलेली नाहीत, मोकळी आहेत, मला काही झालेले नाही. तरी जात नाहीत.

आधी इथे लिहून पाहते, मग तिकडे टाइप करीन.

मी पुरवणी उघडली नाही, कारण सुकदेव दारात— नको.

मी पुरवणी उघडली नाही. कोणीही त्या जागी— नको, नको.

शिट्टीचा आवाज इथवर येतो. दोन शिट्ट्यांमधले सेकंद मोजते आहे. नऊ. अकरा. लताबाई हाक मारतात, अक्का, लवकर या हो, बहीण शे ना तुमनी. येते. एकच वाक्य राहिले आहे.

मी पुरवणी उघडली नाही. चूक

सतरा.

लताबाई हाक मारायच्या थांबल्या. चूक मा—