दवाखान्याचा शर्ट

४ नोव्हेंबर

प्रिय भोवऱ्या,

आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तू कसा आहेस ते तूच सांगायचंस. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. तुझी ताई म्हणते, तुम्ही रंधा मारल्यासारखं लिहिता, मधलं मधलं सोलून निघतं.

आईंच्या डोळ्यांचं होतं तसंच आहे. उजेड कळतो, माणूस आवाजावरून कळतो. बाबा रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवतात, तेही पुढाऱ्यांचे आवाज काढून. काल आई म्हणाल्या, "अहो, हा आजचा पुढारी कालच्यासारखाच बोलतोय." बाबा म्हणाले, "मग त्यांना सांग. मी फक्त वाचतोय." पेपर झाला की ते आईंचे केस विंचरतात. इतक्या वर्षांत त्यांना सरळ भांग काही जमलेला नाही. आईंना दिसत नाही आणि आम्ही कुणी सांगत नाही. त्यांना बोटांनी कळत असणार, पण त्याही बोलत नाहीत.

तुझ्या घरमालकांचा ताईला फोन आला होता. तुझ्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असतो, आणि तू महिनाभर कामावर गेलेला नाहीस, असं म्हणाले. विजेच्या बिलाची काळजी असेल त्यांना.

दवाखाना सध्या बंद आहे. रंग द्यायला काढलाय.

बाकी विशेष काही नाही. वेळेवर जेव.

तुझा
भाऊजी


१३ नोव्हेंबर

प्रिय भोवऱ्या,

तुझं कार्ड मिळालं. पत्ता सोडला तर त्यावर एकच ओळ: "रंग कोणता दिला?" ताई वाचून हसली, आणि हसता हसता आत निघून गेली.

पकडलंस मला. मागच्या खेपेला रंग दिला तेव्हा बाबांनी रंगाऱ्याला एकेक भिंत करायला लावली होती आणि उरलेल्या तीन भिंतींत पेशंट तपासले होते. शेवटच्या भिंतीचा रंग तर एका पेशंटनंच निवडला. रंगासाठी दवाखाना बंद ठेवणारा माणूस तो नव्हे. खोटं नीट बोलायचं असेल तर जरा जास्त शिकावं लागतं, आमच्या गावच्या शाळेत तो विषय नव्हता.

आता खरं लिहितो. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, तेवढं सांभाळून घे.

बाबांची नि माझी पहिली भेट खुर्च्यांवरून झाली, हे तुला माहीत आहे का? तेव्हा तू सात-आठ वर्षांचा, घरभर गरगरत असायचास. बाबा नुकतेच फौजेतून निवृत्त होऊन आले होते. खालच्या मजल्यावर मनोविकारांचा दवाखाना काढायचा म्हणून त्यांनी मला दोन खुर्च्या सांगितल्या. मी डॉक्टरांचा मान म्हणून त्यांची खुर्ची दोन बोटं उंच केली, वर हातही लावले. ते बसले, उठले आणि म्हणाले, "मिस्त्री, ही दोन बोटं कापून टाका. फौजेत माणसं माझ्यासमोर उभीच राहिली. आता तरी बरोबरीनं बसू देत." मग त्यांनी दोन्ही खुर्च्या स्वतः ओढून तिरक्या लावल्या, दोघांनाही दार दिसेल अशा. पाठीशी दार असलं की कित्येकांच्या तोंडून शब्द फुटत नाही, असं त्यांनी मला समजावलं. पाय कापता कापता मी मनात म्हटलं, या घरात मुलगी मागायला यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट शर्टाची. ती तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. दवाखान्याचा पांढरा शर्ट खाली खिळ्याला, घरचा निळा जिन्याच्या कठड्यावर. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की बाबा शर्ट बदलणार, शीळ घालणार आणि मग वर येणार. लोकांनी विश्वासानं खाली ठेवलेलं दुःख वर पोरांच्या ताटात जाऊ नये, म्हणून. मी या घरात आल्यापासून तो नेम मोडलेला पाहिला नव्हता.

गेल्या महिन्यात मोडला.

दुपारची वेळ होती. मी आईंच्या खाटेचा पाय ठोकत होतो. शीळ नाही, काही नाही, बाबा जिना चढून आले आणि आईंच्या शेजारी बसले. आईंनी सवयीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात कॉलरवर गेला, खिशातल्या पेनाला लागला. त्या म्हणाल्या, "शर्ट बदलला नाहीत तुम्ही."

बाबा रडत होते. आवाज नव्हता. मी हातोडी खाली ठेवली आणि जायला निघालो. ते म्हणाले, "थांबा मिस्त्री. तुम्हीही ऐका."

खाली एक तरुण शिपाई आला होता. कोण, कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला होता, "डॉक्टर, मला परत पाठवू नका." हेच शब्द बाबांनी एकदा ऐकले होते. तेव्हा ते फौजेचे तरुण डॉक्टर होते, कॅप्टन, बर्फातल्या एका ठाण्यावर. वरच्या चौकीवरून आणखी माणसं मागत होते. समोरचा पोर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. बाबांनी त्याला समजावलं, चहा पाजला आणि कागदावर 'फिट' लिहून सही केली. तो वर गेला. खाली आला नाही.

आईंनी चाचपून त्यांच्या कॉलरचं बटण काढलं. मग म्हणाल्या, "शर्ट बदलता यायचा तुम्हाला. झोप नाही बदलता यायची. मला काय कळत नव्हतं?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही पेशंटना विचारता का? वाट बघता ना? मीही बघत होते."

भोवऱ्या, त्या अवस्थेतही वर येण्याआधी बाबांनी एक काम केलं होतं. त्यांची जुनी विद्यार्थिनी, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायची ती, आता तुझ्याच शहरात मोठी डॉक्टर आहे. त्या शिपायासमोरच त्यांनी तिला फोन लावला, त्याची सगळी व्यवस्था केली, त्याच्या आईला आत बोलावून त्याच्याजवळ बसवलं. मग म्हणाले, "मला जरा उठावं लागतंय, माफ कर." आधी त्याला सुरक्षित केलं आणि मगच स्वतः कोसळले. दवाखाना तेव्हापासून बंद आहे. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. देवानं त्यांच्या जिन्याखाली मला बाकडं टाकायला जागा दिली, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो.

आता तुझं.

तू फौजेच्या प्रशिक्षणातून ट्रंक घेऊन परत आलास, 'अनफिट' म्हणून, तो दिवस. बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एक शब्द न बोलता खाली निघून गेले. तू समजलास, त्यांना लाज वाटली. पुढच्याच आठवड्यात तू शहर गाठलंस ते गाठलंसच. पण त्या दिवशी ते दवाखान्यात गेले नव्हते. जिन्याखालच्या माझ्या कारखान्यात आले, फळ्यांच्या ढिगावर बसले आणि खुर्चीचा एक पाय घेऊन संध्याकाळभर पॉलिश पेपरनं घासत राहिले. उठताना म्हणाले, "मिस्त्री, त्या डॉक्टरानं माझा मुलगा घरी पाठवला. मला तेवढी हिंमत झाली नव्हती." मला काही उमगलं नाही. आता उमगतंय. तो पाय अजून माझ्याकडे आहे. इतका बारीक झालाय की कुठल्याच खुर्चीला बसत नाही.

हे त्यांनी स्वतः का लिहू नये, असं मी विचारलं. म्हणाले, "मी काहीही सांगितलं तरी त्याला हुकूम वाटतो. तुम्ही लिहा. तुमच्या अक्षराला कुणी घाबरत नाही."

तर गोष्ट अशी. येत्या गुरुवारपासून बाबा त्या विद्यार्थिनीकडे जाणार आहेत. सल्ला द्यायला नव्हे. पेशंट म्हणून. त्यांनी मला लिहायला सांगितलंय, की म्हातारा बसनं एकटा येतोय, पोरानं स्टँडवर घ्यायला यावं आणि दवाखान्यापर्यंत सोबत करावी.

मी सरळ विचारलं, "बाबा, ही युक्ती आहे का?"

"अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"उरलेली खरी आहे. त्या दारातून एकट्यानं आत जायची मला भीती वाटते."

युक्तीचा अर्धा भाग तुला फोडून सांगतोय, कारण तू तो पकडशीलच. ते तुला दिव्याबद्दल विचारणार नाहीत. तू नुसता बाहेर बाकावर बसलास तरी चालेल. आत जावंसं वाटलं तर तिथेही दार दोघांना दिसेल अशाच खुर्च्या आहेत. तिनं त्या माझ्याकडूनच करून नेल्यात.

काल मी हात जोडून बसलो होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले. तुला माहीत आहे, ते यातले नव्हेत. म्हणाले, "तुमच्या देवाला माझ्या वतीनं काही सांगायचं असेल तर पद्धत काय असते?"

म्हटलं, "पद्धत काही नाही बाबा. तो ऐकून घेतो."

"म्हणजे आमच्याच धंद्यातला," म्हणाले आणि शेजारी टेकले. बराच वेळ बसले होते.

आज सकाळी ते कपाटापुढे उभे होते. "पेशंटनं कुठला शर्ट घालायचा असतो गं?" आई म्हणाल्या, "घरचा. निळा. आणि गुरुवारी निघायच्या आधी इकडे या, भांग मी पाडून देणार आहे. एवढी वर्षं तुम्ही माझा पाडलात."

पहिली गाडी नऊला पोचते. निळा शर्ट असेल, भांग वाकडा असेल. गर्दीत चुकायचे नाहीत.

स्टँडवर उभ्या असलेल्या दोघांसाठी इथून हात जोडणारा,
तुझा भाऊजी