सेकंड गिअर आणि सासऱ्यांची ऐंशी

२ जून, सकाळी ७
गाडी सेकंडला टाकली की कर्रर्र करते. काल तीनदा. रिव्हर्सला तर गल्लीतल्या गाईनंही मान वळवून पाहिलं. निदान: गिअर ऑइल जुनं झालं. एकतीस वर्षं तंजावूरच्या पोरांना फिजिक्स शिकवलंय, घर्षण म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.
सोळा दिवस हातात आहेत. १८ तारखेला पापनाशमला सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन. वेंकटराव ऐंशीचे झाले. हार घालून, सासूबाईंना शेजारी बसवून घरापासून मंडपापर्यंत मिरवणूक. आणि ते बसणार जावयाच्याच गाडीत, असं त्यांनी फोन करून सांगितलं. मेव्हणा सेतुमाधव याची ऑटोमॅटिक दारात उभी असताना! मला भरून आलं. गिअर नसलेली गाडी म्हणजे इलॅस्टिकचा पायजमा.
कमलाक्षी म्हणते, गुरुमूर्ती मेकॅनिकला दाखवा. बायकोचं ऐकून फिजिक्स चालत नाही.

४ जून
ऑइल बदललं. स्वतः. खालचा बोल्ट काढला, काळंकुट्ट ऑइल भडाभडा आलं. मोठं समाधान वाटलं. नंतर कळलं, तो बोल्ट इंजिनचा. हरकत नाही, इंजिन ऑइलही कधीतरी बदलायचंच होतं. नेसलेली पांढरी वेष्टी वाया गेली. कर्रर्र आहे तसंच.

७ जून, संध्याकाळ
नवं निदान: क्लच केबल. व्हिडिओ पाहून नट फिरवला. कुठल्या बाजूला फिरवायचा हे तो माणूस तेलुगूत सांगत होता, त्यामुळे दोन्ही बाजूंना फिरवला. आवाज कमी वाटतो. कमलाक्षीला वाटत नाही. तिला कीर्तनाचा कान आहे, गिअरचा नाही.
रिव्हर्स घेताना शेजारचे भरद्वाज बाहेर आले आणि मिक्सर बिघडला का म्हणून विचारून गेले.

१० जून
नाइलाजानं गुरुमूर्ती. मी उतरलो, तो बसला. बूट घालून! डॅशबोर्डवर गणपती आहे. चाकांखाली लिंबं चिरडून, पूजा करून आणलेली गाडी. आम्ही सगळे अनवाणी बसतो, मी चालवतोही अनवाणी. मोठ्या देवळाला वळसा घालून आला. आवाज एकदाही नाही. म्हणाला, वंडी नल्ला इरुक्कु सार, गाडी उत्तम आहे, तुम्ही क्लच पूर्ण दाबत जा.
मला! बावीस वर्षं चालवणाऱ्याला! मी दाबतो तो पार खाली टेकेपर्यंत. त्यापुढे तो जातच नाही.
मी बसलो. पहिल्याच चौकात कर्रर्र. कमलाक्षी म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग तीच म्हण तमिळमध्ये म्हणाली. आमच्या घरात हा एक तोटा आहे, टोमणा दोनदा ऐकावा लागतो.

१३ जून
डबल क्लचिंगचा, म्हणजे एका गिअरला दोनदा क्लच दाबण्याचा सराव, तिरुवैयारु रोडवर. तंत्र अवघड आहे पण मला जमतं. कावेरीच्या पुलावर गाडी बंद पडली तेव्हा जमत होतं. मागच्या टाउन बसचा कंडक्टर उतरून काय काय बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही.
आजपासून रोज पहाटे सराव.

१४ जून
पहाटे डोकं दुखत होतं.

१६ जून
आमच्या लेकीचं, अखिलाचं कानातलं गाडीत पडलं. शोधायला ती पुढच्या सीटखाली वाकली आणि क्लचखालून माझी चप्पल काढली. मी बसताना पायाशीच काढून ठेवतो, नाहीतर कुठे ठेवणार? टाचेवर पेडलची अख्खी खूण. मुलगी हसत हसत खाली बसली. एवढं हसण्यासारखं काय होतं देव जाणे.
चप्पल बाहेर ठेवून चक्कर मारली. सेकंड लोण्यासारखा पडला. रिव्हर्सही. दोघी मायलेकी टाळ्या वाजवू लागल्या. मी शांतपणे समजावलं की केबल मी सात तारखेला फिरवली, ती बसायला आठवडा लागतोच. चप्पल हा योगायोग. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

१७ जून
कमलाक्षी सकाळपासून मागे लागलीय: उद्या चप्पल डिकीत ठेवा. नाही. डिकीत ठेवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं.

१८ जून, दुपार
मुहूर्त साडेदहाचा. पुढे सनईसारखं नादस्वरम आणि तविलचा ढोल, मागे गाडी, गाडीत सासरे-सासूबाई हार घालून. मिरवणुकीची गती गोगलगायीची. क्लच दाबून धरला तरी गाडी पुढे सरकत होती. तविलवाल्याच्या पाठीला लागली. तो ओरडला. ब्रेक दाबला, गाडी बंद. चालू केली, कर्रर्र, बंद. असं चार वेळा. सासूबाईंचा हार तुटला. भटजी घड्याळ दाखवू लागले, सव्वादहा झाले होते.
सासऱ्यांनी दार उघडलं. मला वाटलं, आता सेतुमाधवला बोलावणार. ते म्हणाले, वरुणराव, उतरा, मंडप हाकेच्या अंतरावर आहे, चालवण्यापेक्षा चालू या. कुणी हसलं नाही. त्याचंच जास्त लागलं.
सेतुमाधव माझ्या जागी बसला. माझी चप्पल खिडकीतून बाहेर आली, आधी एक, मग दुसरी. गाडी आमच्यामागून गुपचूप येत राहिली, एकदाही आवाज नाही. मी मागे पाहिलं नाही.
मुहूर्त गाठला. सासऱ्यांनी अख्खा रस्ता माझा हात धरला होता. ऐंशीचं वय, आधार लागणारच, म्हणून मी जपून चाललो. कमलाक्षी म्हणते, अप्पा रोज चार मैल चालतात, त्यांनी हात धरला तो तुमच्यासाठी.