इम्रिखचा पोकळ बास

प्रिय वोय्तेख,

तुमच्या बँडच्या जुन्या रेकॉर्डची नवी सीडी मिळाली. कव्हरवर इम्रिखचा फोटो आहे, खाली ‘आमच्या लाडक्या मित्राच्या आठवणीत’ असं छापलंय. वाचून मला भरून आलं होतं. आता ते शब्द पाहिले की अंगाचा तिळपापड होतो.

रविवारी तमारा ब्रातिस्लाव्हाहून आली, तिनेच स्वयंपाकघरात ती लावली. मी बटाटे किसत होते. तुला माहीत आहे, तुमची गाडी ताट्रा डोंगराच्या घाटात घसरली आणि इम्रिख गेला, तेव्हा ही पोर पाळण्यात होती. बाप तिला भेटला तो त्या एका रेकॉर्डमधून, तीही झिजून झिजून खरखरायला लागली होती. सीडीवरचं संथ गाणं तिने दोनदा ऐकलं, मग बंद केलं आणि म्हणाली, “आई, हे बाबा नाहीत.”

मी तिला वेड्यात काढलं. तिने वाद घातला नाही. कपाटातून त्याचा पोकळ बास, ती आतून रिकामी खर्जाची गिटार, काढला, अँप्लिफायरला जोडला आणि त्या गाण्याचा पहिला सूर छेडला. मग तोच सूर सोबत आणलेल्या स्वतःच्या भरीव, सलग लाकडाच्या बासवर वाजवला. अरे, माझे कान चर्चमध्ये गाण्यापुरतेच, तरी मला कळलं. भरीव बासचा सूर काठीसारखा सरळ निघतो आणि म्हणाल तितका वेळ उभा राहतो. पोकळ बासचा सूर आधी पोटात गोल फिरतो, लाकडी पेटीवर तळवा मारावा तसा धप्प बाहेर येतो आणि लगेच विरतो. म्हणून तर गाण्याच्या शेवटी इम्रिख तो सूर पुन्हा पुन्हा हळूच छेडायचा. तुझ्या सीडीवर तिथे एकच सूर आहे, लांबच लांब.

भरीव वाईट असं मी म्हणत नाही. मोठ्या हॉलमध्ये अँपजवळ उभं राहिलं की पोकळ बास हुंकारत सुटायचा, तुम्ही सगळे त्याच्यावर ओरडायचात. पण हे गाणं बंद खोलीतलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी फार घुमू नये म्हणून त्याने माझा लोकरी स्कार्फ बासच्या पोटात सैलसर भरला आणि म्हणाला होता, याला थोडा श्वास हवा, बाकी काही नको.

मी फोन केला तेव्हा तू निदान लाजून कबूल तरी करशील असं वाटलं होतं. तू मला समजावत बसलास. “झेल्मिरा, तो डबा नुसता घुमायचा. आज असलं कोणी ऐकत नाही. मी फक्त साफसफाई केली.” साफसफाई? धूळ पुसतात, वोय्तेख, माणूस पुसत नाहीत. आणि वाजवलं कोणी म्हणून विचारलं, तर म्हणालास, मीच, दुसरं कोण इतक्या प्रेमाने वाजवणार! इम्रिखच्या नावाखाली, इम्रिखच्या फोटोखाली, तू. ज्या पोरीला तू सायकल शिकवलीस, तिला बापाच्या जागी तुझी बोटं ऐकायला दिलीस आणि सांगितलं नाहीस.

मूळ टेप तुझ्याकडे आहे. ती तमाराला दे. ती शनिवारी येईल. तिच्याशी वाद घालू नकोस, ती माझ्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त ऐकते.

आता ईस्टरला आमच्या अंगणात तू जे विचारलंस त्याबद्दल. इतकी वर्षं तू आमच्या घराची कौलं बसवलीस, लाकडं फोडलीस, एकदाही हक्क सांगितला नाहीस, म्हणून मी विचार करायला वेळ मागितला होता. खरं सांगायचं तर विचार झाला होता. मी हो म्हणणार होते. लग्नाच्या पोशाखासाठी निळं कापड शिंपिणीकडे टाकलंही होतं. इम्रिखशेजारी तुला जागा होती रे, माझ्या घरात आणि मनातही. तुला मात्र त्याचीच जागा हवी होती, तीही त्याला उठवून. म्हणून माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. कापड मी परत आणलं.

तुझी होता होता राहिलेली,
झेल्मिरा